कौसामायचं हरीण

आमच्या जळगाव जामोदात रंगवणारे गल्लोगल्ली सापडतील. दुकानाची पाटी म्हणा, ट्रॅक्टरची ट्रॉली म्हणा, लग्नघराच्या भिंतीवरचे केळीचे खांब म्हणा, ब्रश हातात धरला की जो तो पेंटर. पण लावलेलं काढायचं असेल, तर साऱ्या तालुक्यात एकच नाव होतं आणि ते बाईचं होतं. कौसामाय.

काढणं हाही धंदा असतो, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. बदलून आलेल्या सरांना मी तिच्याबद्दल सांगितलं की ते हसायचे. मग त्यांच्या नव्या फ्रीजच्या दारावरचं स्टिकर निघायचं नाही, नखानं ओरबाडून त्याचा पांढरा चट्टा व्हायचा, आणि सर टेबलापाशी येऊन हळूच विचारायचे, "त्या बाई कुठे राहतात म्हणालात?"

त्या बाई आमच्या भिंतीला भिंत लावून राहायच्या. बुटक्या बांध्याची, रुंद खांद्यांची, लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट घालणारी. शर्टाचा खिसा कायम फुगलेला, कारण त्यात मुदत संपलेली एटीएम कार्डं असायची. सगळ्या ओळखीपाळखीच्यांना तिनं बजावून ठेवलं होतं, "मेलेलं कार्ड फेकू नोका, मले आनून द्या." लोखंडी पत्री ती रंगाला कधी लावायची नाही. लोखंड रंगाला चावतं, प्लास्टिक चाटतं, असं तिचं म्हणणं. पण कार्डाच्याही आधी लागायचं ते तिच्या उजव्या अंगठ्याचं नख. ते तिनं वाढवलेलं, जाड, बैलाच्या शिंगासारखं पिवळट. त्या अंगठ्यानं ती कणीक मळायची नाही की भांडी घासायची नाही. एकदा विमा एजंट गल्लीत आला, तर त्याच्यासमोर अंगठा नाचवत म्हणाली, "बाकी कौसाले काई झालं तरी चालते बापू. याचा विमा काढ."

नम्रपणा वगैरे तिला माहीत नव्हता. आपल्यासारखं काम अकोल्यापासून बऱ्हाणपुरापर्यंत कोणी करत नाही, हे ती भाजीवालीला भाव विचारता विचारता सांगून टाकायची. आणि खरी गोष्ट अशी की कोणी करतही नव्हतं.

आमच्याकडे उन्हाळ्याची वाट पाहणारा माणूस सापडणं कठीण. सातपुड्याच्या पायथ्याचं ऊन आहे ते, वैशाखात रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. कौसामाय मात्र संक्रांत झाली की उन्हाची चौकशी सुरू करायची. तिची मोठी कामं उन्हाळ्यातच. जीपच्या काचा, टँकर, दुकानांची शटरं. सगळी वस्ती दारं लावून कूलरपुढे आडवी झाली की ही डोक्यावर ओला पंचा टाकून बाहेर निघायची. गोंद उन्हानं सुटतो, हे तर कोणालाही कळतं. पण नेमका किती सुटला की ओढायचं, हे ती पत्र्याला उलटा हात लावून सांगायची. "आता नाई. आता रागात हाये तो." मग थोड्या वेळानं, "हां, आता आयकते."

निवडणूक लागली की नगर परिषदेचे लोक भिंतींवरची पोस्टरं काढायला निघतात. ते पोस्टरं फाडतात. कौसामाय सोडवायची. एका वर्षी ती चौकात शिडीवर चढून एका उमेदवाराचं भलंमोठं प्लास्टिकचं पोस्टर कोपऱ्यातून सोडवत होती, तेवढ्यात त्याचा एक कार्यकर्ता गाडी आडवी लावून ओरडला, "ए बाई! साहेबाच्या तोंडाले हात काऊन लावून राह्यली?"

ही शिडीवरूनच म्हणाली, "हात लावून नाई राह्यली बे, तोंड सोडवून राह्यली. फाडू का मंग? ते पाह्य, समोर कसं फाडलं."

समोरच्या भिंतीवर दुसऱ्या पक्षाचे साहेब होते. त्यांची अर्धी मिशी आणि एक कान एवढंच भिंतीला उरलं होतं. कार्यकर्त्यानं ते पाहिलं, गाडी स्टँडला लावली आणि मुकाट्यानं शिडी धरून उभा राहिला. कौसामायनं पोस्टर अखंड उतरवलं, चटईसारखं गुंडाळलं आणि त्याच्या हातात दिलं. "घे. निवडून आले त पुन्हा लाव. पडले त बकऱ्याच्या कोठ्यावर टाक, पानी गळत नाई."

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. माझे बाबा हमाल होते, आई शेतात निंदणाला जायची. मी बी.कॉम. झाले तेव्हा बाबांनी पदवीचं प्रमाणपत्र काचेच्या फ्रेममध्ये बसवून आणलं आणि दारासमोरच्या भिंतीवर लावलं. येणाऱ्याची पहिली नजर तिथेच पडली पाहिजे म्हणून. मला त्याचा अभिमान होता आणि आजही आहे, त्यात लपवायचं काही नाही. कौसामाय पेढा खायला आली, फ्रेमसमोर उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. काचेवर फ्रेमवाल्यानं स्वतःच्या दुकानाचं सोनेरी स्टिकर चिकटवलं होतं. तिनं काचेवर तोंडाची वाफ सोडली, नख लावलं, स्टिकर उचललं आणि बाबांच्या हातावर ठेवलं. "पोट्टीनं शिकायचं आन् नाव दुकानदाराचं? हा कुठला न्याव?" काचेवर बोटाचा ठसासुद्धा नव्हता.

तर अशी ही बाई. तिच्या साऱ्या बढाया लोक ऐकून घ्यायचे, कारण कामानं त्या खऱ्या ठरायच्या. फक्त एक बढाई कोणी मानायचं नाही, आणि नेमकी तीच तिला सगळ्यांत प्रिय होती.

तिचा नवरा किसन पेंटर. मी त्याला पाहिलेलं नाही, माझ्या जन्माच्या आधीच तो गेला. पण गाड्या रंगवण्यात त्याचं नाव मोठं होतं. तेव्हा आमच्या गावातून नांदुऱ्याला एक खाजगी प्रवासी मोटार जायची. लांब नाकाची, इंजिन पुढे बाहेर आलेलं, तसली जुनी गाडी. मालकानं ती किसन पेंटरला रंगवायला दिली. गाडीच्या कुशीवर मागच्या टोकाला, खिडक्यांच्या खाली, मालकाला उडी मारणारं हरीण पाहिजे होतं. बाकीची गाडी रंगवून झाली आणि किसन पेंटर विषमज्वरानं आडवा पडला. गाडी घरासमोर उभी होती. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून चारी बाजूंनी गोणपाट टांगलेले. त्या गोणपाटाच्या आत शिरून हरीण आपण काढलं, असं कौसामाय सांगायची. तिनं हरीण जवळून कधी पाहिलेलं नव्हतं. म्हणून तिनं घरची बकरी, चंद्री, आत नेऊन बांधली आणि तिच्याकडे पाहून हरीण काढलं. शिंगं मनानं लांब केली, ठिपके दिले. पण बाकी सगळी चंद्रीच. अगदी बकरीच्या गळ्याखाली मांसाचे दोन गोंडे लोंबतात ना, तेसुद्धा.

"अन् त्याह्यनं काय म्हनलं?" आम्ही विचारायचो. त्याह्यनं म्हणजे नवऱ्यानं.

"ताप उतरल्यावर बाहीर आले. पाह्यलं. म्हनले, कोनाले सांगू नोको. बाईचा हात लागला म्हनून मालक गाडी घेनार नाई. मी म्हनलं, बरं." इथे ती थांबायची. "त्याह्यनं मरेपर्यंत सांगतलं नाई. मी मरेपर्यंत सांगनार."

नळावर, लग्नात, तेरवीला, जिथे चार माणसं जमतील तिथे ती हे सांगायची. लोक हसायचे. हरणाला गोंडे! काही टवाळ तर तिच्या घरावरून जाताना बकरीसारखं ओरडून जायचे. सगळ्यांत जास्त चिडायचा तिचा दीर, पुंडलिक. तोही पेंटर, किसनच्या हाताखाली शिकलेला, आता मुलाच्या फ्लेक्सच्या दुकानात गल्ल्यावर बसणारा. त्याला वाटायचं, वहिनी आपल्या मेलेल्या भावाचं नाव खाते आहे. एकदा भर बाजारात तो म्हणाला होता, "वयनी, माह्या भावाजवळ नावाशिवाय काय होतं? तेबी तुले पाह्यजे?"

ती म्हणाली, "नाव त्याह्यचंच ऱ्हाऊ दे भाऊजी. मले फक्त हरन पाह्यजे."

त्यानंतर दोघं एका मांडवात जेवायला बसले नाहीत.

मोटार केव्हाच बंद पडली होती, आणि चालती असताना हरणाचा गळा कोणी निरखून पाहिला नव्हता. मालकाच्या वाड्यामागच्या आवारात ती उभी होती आणि रस्त्याकडची तिची बाजू जाहिरातीला भाड्यानं दिली जायची. आधी सोन्याचांदीचं दुकान, मग कोचिंग क्लास, मग कापसाचं बियाणं. प्रत्येकानं आधीच्यावरच आपलं विनाइल, म्हणजे जाहिरात छापलेलं प्लास्टिक, चिकटवलेलं. हरीण, असलंच तर, त्या सगळ्यांच्या खाली होतं.

मागच्या उन्हाळ्यात मालकाचा नातू विनोद एक दिवस कौसामायच्या दारात आला. त्याला ती मोटार पुन्हा रंगवायची होती. पुण्या-मुंबईकडे अशा जुन्या गाड्या लग्नाच्या आधीच्या फोटोंसाठी नेतात म्हणे, नवरदेव-नवरी दारात लटकून उभे राहतात. खामगावचा पेंटर ठरला होता, पण तो म्हणाला, आधी गाडी साफ आणि तयार करून द्या. विनाइल काढायचं, गोंद काढायचा, गंज खरवडायचा, खड्डे भरायचे, प्रायमर मारायचा.

"माय, होईन का तुह्याच्यानं?" विनोद म्हणाला. तिचं वय झालं होतं. गुडघे वाजायचे.

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं लगेच कामाचा दिवस ठरवून टाकला.

शाळेला सुट्ट्या होत्या, म्हणून मी रोज दुपारी तिला जेवणाचा डबा घेऊन जायचे आणि तिथेच रेंगाळायचे. विनोदनं गरम हवेचं मशीन आणलं होतं. तिनं ते हातात घेऊन पाहिलं आणि परत दिलं. "हे आग वकते. खालचा जुना रंग फुगून येईन. ऊन हाये न फुकटचं." गाडीची कोणती बाजू केव्हा तापते हे तिनं पहिल्या दिवशीच हात लावून पाहून घेतलं होतं, आणि ऊन जसं फिरेल तशी ती गाडीभोवती फिरायची. जिथे ऊन पुरायचं नाही तिथे किटलीतल्या गरम पाण्यात बुडवलेलं पटकूर ठेवायची. मग नख. मग कार्ड. मग विनाइलची कड दोन्ही हातांनी धरून, बाहेर न ओढता मागे, पत्र्याला लागूनच दुमडत न्यायची. बाळाच्या अंगावरून भिजलेलं झबलं काढावं तशी.

बियाण्याच्या जाहिरातीतला हसरा शेतकरी निघाला. त्याच्या खालून कोचिंग क्लासची चष्मेवाली मुलं निघाली. हे जुनं झालेलं, पापडासारखं तुटणारं. त्याचे कपटे तिनं एकेक करून उचलले. मग गोंद. त्याला रॉकेलचा बोळा लावून ती गप्पा मारत बसायची आणि गोंद मऊ झाला की पुसून घ्यायची. तोंड अखंड सुरू. "ह्या पोट्ट्याले पाह्य, चष्मा लावून फोटो काढला. पास झाला का नाई कोनास ठाऊक." सोन्याच्या दुकानाच्या जाहिरातीतली बाई नाकापर्यंत उतरवून झाल्यावर म्हणाली, "नथ ऱ्हाऊ दे थोडा वेळ. हौस हाये तिची."

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ती पुढून सुरुवात करून मागे येत होती आणि मागचा शेवटचा पत्रा रोज उद्यावर ढकलत होती. ऊन चांगलं असायचं, पत्रा तापलेला असायचा, तरी ती म्हणायची, "आज नाई. आज हात बरोबर नाई." हात बरोबर नाही असं म्हणताना मी तिला जन्मात ऐकलं नव्हतं.

शेवटी तोच एक पत्रा राहिला. तिनं डबा खाल्ला, चूळ भरली, साबणानं हात धुतले. मग गाडीकडे न जाता माझ्या शेजारी लिंबाखाली बसली.

"विनोदच्या आज्यानं मधात या पत्र्याले रंगाचा हात मारला असंन त?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "मारला नसेल माय. कंजूष होते म्हणतात."

"आन् सोनारवाल्यानं इनाइल लावाच्या आधी घासून घेतलं असंन त?"

ती पुन्हा म्हणाली, "नसलं त लोक काय म्हनतीन, त्याचं नाई मले. लोक त आताबी हासतेत. पन इतकी वर्सं सांगून सांगून मलेच आता समजत नाई, मी काढलं होतं का मले वाटते काढलं म्हनून."

हे बोलून ती उठली आणि त्या पत्र्यापाशी गेली.

विनोद आला, त्याची बायको आली, आवारात कैऱ्या-चिंचा विकणाऱ्या दोघी आल्या. कोणी बोलावलं नव्हतं. कौसामायनं गाडीच्या शेपटाच्या बाजूनं कड उचलली. सगळ्यांत खालच्या थराच्या कडेला हिरवट रंग दिसला, मोटारीचा मूळचा. म्हणजे मधे कोणी रंगवलेलं नव्हतं. तिनं श्वास सोडला तो मला ऐकू आला. सोनाराचं विनाइल सगळ्यांत खालचं आणि सगळ्यांत चिवट. ते ती बोटभर सोडवायची, थांबायची, गरम पटकूर ठेवायची, पुन्हा बोटभर. तिच्या कामात मी पहिल्यांदाच शांतता ऐकत होते.

आधी एक तपकिरी खूर दिसला. मग मागचे दोन पाय, हवेत ताणलेले. मग ठिपके. पोट. विनोदची बायको म्हणाली, "अगं बाई, आहे की!" तरी कौसामायचे हात तेवढ्याच गतीनं चालत होते. मान आली. मग गळा आला.

आणि गळ्याखाली दोन गोंडे होते.

कोणी हसलं नाही. मी पाहत राहिले. शिंगं होती हरणाची, उडी होती हरणाची, पण तोंडावर भाव होता तो सुटं सोडलेल्या बकरीचा, आता कोणाच्या तरी वालाच्या वेलावर तोंड टाकणार असल्यासारखा. असलं जिवंत जनावर मी कोणत्याच गाडीवर पाहिलेलं नाही. इतकी वर्षं दागिन्यांच्या आणि पुस्तकांच्या आणि बियाण्याच्या खाली ते तसंच उडी मारत होतं.

कौसामाय मागे सरली, लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं आणि विनोदला म्हणाली, "पुंडलिकभाऊजीले फोन लाव."

पुंडलिकराव आले. हातात काठी, डोळ्यांना जाड चष्मा. वहिनीकडे न पाहता सरळ पत्र्याकडे गेले. चष्मा काढून पुसला, परत लावला. तोवर आवारात बरीच माणसं जमली होती, बकरीसारखं ओरडणाऱ्यांपैकीही एक-दोन होते. म्हाताऱ्यानं वाकून हरणाच्या गळ्याखाली बोट नेलं.

"हा डावा गोंडा आखूड काऊन हाये?" ते म्हणाले.

खरंच आखूड होता. कौसामाय पुढे आली, पाहिलं आणि गोंधळली. "मले काय माहीत? दिसला तसा काढला असंन."

"तुले आठोत नाई. मले आठोते." पुंडलिकराव सरळ उभे राहिले. "चंद्रीले मी चारत होतो. भाऊ तापात होता तवाच नाल्यावर कुत्र्यानं धरली होती तिले, डावा गोंडा तोडला. बाबानं मले बेदम मारलं होतं." मग ते माणसांकडे वळले आणि दुकानात पाटीचा मजकूर वाचून दाखवावा तसं मोठ्यानं म्हणाले, "हे किसन पेंटरचं काम नोय. हे माह्या वयनीचं काम हाये."

कौसामाय त्यांना म्हणाली, "जेवून जा भाऊजी." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तिनं कामाला सुट्टी दिली. हरणाशेजारी खुर्ची टाकून दिवसभर बसली. वडनेर भोलजीला दिलेली तिची पुतणी पोरासोरांना घेऊन आली. नळावरच्या बाया आल्या. पोस्टरवाला तो कार्यकर्ता आला, तो आता नगरसेवक झालाय. प्रत्येकाला ती पहिल्यापासून सगळं सांगायची, विषमज्वर, गोणपाट, चंद्री, आणि प्रत्येकाला गोंड्याला हात लावून बघायला लावायची. मला म्हणाली, "फोटो काढ व." मी मोबाइल धरला. ती हरणासमोर अशी काही कमरेवर हात ठेवून उभी राहिली की फोटोत फक्त ती आली. हरणाचे मागचे पाय तेवढे तिच्या खांद्याच्या बाजूनं दिसतात. मी म्हटलं, "माय, सरक ना जराशी." ती म्हणाली, "काऊन? फोटो माहा हाये का त्याचा?"

संध्याकाळी विनोद खुशीत आला. "माय, हे असंच ठेवू. बाजूनं रंग मारू, वरतून लॅकर देऊ. फोटोवाल्यायची रांग लागंन."

तिनं हरणाच्या पोटावर बोटानं टकटक केलं. आवाज पोकळ आला. बाजूच्या पत्र्याचा भरीव. मग तिनं अंगठ्याचं नख पोटाच्या कडेला घातलं आणि किंचित उचललं. रंगाचा पापुद्रा सुटला आणि आतून लाल भुगा ओघळला.

"गंज शिरला आत," ती म्हणाली. "वरतून चकचक करशीन, आतून पत्रा खाऊन टाकंन तो. पुढच्या उन्हाळ्यात हरनबी नाई आन् पत्राबी नाई."

"एवढं मोठं काम हाये माय, जाऊ दे न. मी चालवून घेतो."

"तू चालवून घेशीन. मी गाडी तयार करून द्याले घेतली हाये. अर्धी तयार गाडी माह्या हातून जात नाई."

मी मधे पडले. खरं म्हणजे मला पडायला नको होतं, पण राहवलं नाही. म्हटलं, "माय, एवढी वर्षं तू याच्यासाठी लोकांचं ऐकून घेतलंस."

"हाव," ती म्हणाली. "आन् पाह्यलं न सगळ्यायनं?"

हे ऐकून पुंडलिकराव दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आले, बाह्या सरसावून. म्हणाले, "वयनी, तू बैस. मी घासतो. तुह्याच्यानं नाई होनार."

"काऊन नाई होनार? काढनारी मी हाये." तिनं बादली पुढे ओढली, पाण्याचा पॉलिश पेपर भिजवला, लाकडी ठोकळ्याला गुंडाळला. म्हातारा बाजूला उभा राहून पाणी ओतायला लागला. इतक्या वर्षांत ती दोघं पहिल्यांदा एका कामावर होती.

तिनं तोंडापासून सुरुवात केली. डोळा गेला, शिंगं गेली, ठिपके एकमेकांत मिसळले. तपकिरी पाणी पत्र्यावरून ओघळून मातीत जिरत होतं. मला वाटलं होतं ती रडेल. ती पुंडलिकरावांना ओरडत होती, "वरतून ओता भाऊजी, वरतून! पायावर काऊन ओतून राह्यले?" गंज तारेच्या ब्रशनं निघाला, पत्रा चकाकला, खड्ड्यात लांबीची पुट्टी भरली गेली, वाळली, पुन्हा घासली गेली. काही दिवसांनी सगळ्या गाडीला राखाडी प्रायमर लागला. खामगावचा पेंटर दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होता.

त्यानंतर कौसामाय बऱ्हाणपूरला दिलेल्या मुलीकडे गेली ती तिथेच राहिली. म्हणून मी तिला काम करताना शेवटचं पाहिलं ते त्या दुपारी.

गाडी आवाराच्या मध्यभागी उभी होती, नाकापासून शेपटापर्यंत एकाच राखाडी रंगाची. तिच्यावर एक अक्षर नाही, एक चित्र नाही. कौसामायनं लुगड्याचा पदर तळहातावर पसरला, कारण पदराच्या आडून हात फिरवला की पत्र्यावरचा बारीकसा उंचवटाही कळतो म्हणे, आणि डोळे मिटले. मग गाडीच्या नाकावर हात ठेवून ती चालायला लागली. चाकावरून, दारावरून, खिडक्यांच्या खालून. मधेच एका जागी थांबली, डोळे न उघडता पुंडलिकरावांना म्हणाली, "अथी दाना लागते. घासा." ते घासायला वाकले, ती पुढे सरकली.

मी शेवटच्या पत्र्यापाशी उभी होते. तिचा हात जवळ येत होता. हरीण होतं तिथे हात थांबेल, निदान हळू होईल, असं मला वाटलं.

हात थांबला नाही. गळ्याच्या जागेवरून पुढे गेला, पोटावरून गेला, मागच्या खुरावरून गेला, सारख्याच गतीनं, आणि गाडीचं टोक येऊन रिकाम्या हवेत निघाला. तिनं डोळे उघडले.

"गुळगुळीत," ती म्हणाली.